मुळशीची 'मल्शी' होते तेव्हा

"मल्शी टॅलुका, डिस्ट्रिक्ट प्यून."

दचकू नका मित्रांनो, हा परदेशातला कुठला पत्ता नाही. आपलाच पत्ता आहे. आपलं कॉलेज, आपलं हॉस्टेल, आपली मेस, सगळं याच 'मल्शी' तालुक्यात येतं! रोज रात्री हॉस्टेल ऑफिसच्या खिडकीतून हा आवाज येतो. पार्सल घ्यायला जाणाऱ्या प्रत्येकानं तो ऐकलेला असणार. आत काका बसतात. इंटरकॉम सांभाळतात, गेट रजिस्टर सांभाळतात, आणि कोण किती वाजता आला हे पावलांच्या आवाजावरून ओळखतात (हे ज्यांना उशिरा कळलं त्यांच्याबद्दल मला सहानुभूती आहे). काकांना दिसत नाही. ते कॉम्प्युटर कानानं वापरतात. पडद्यावर जे असेल ते वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला स्क्रीन रीडर म्हणतात, आणि त्याच्या पोटात जो बोलतो त्याला स्पीच सिंथेसायझर. आपण सोयीसाठी 'आवाज' म्हणू.

मला या भानगडीत रस का निर्माण झाला ते आधी सांगतो. फर्स्ट इयरला असताना काकांनी एकदा एक नोटीस वाचून दाखवायला बोलावलं. मी कॉन्व्हेंटचा. मराठी आठवड्याला तीन तास, तेही पास होण्यापुरतं. नोटिशीत मेसचे चमचे, ताटं यांचा हिशोब होता. मी 'चमचा' असा वाचला की काका खुदकन हसले. म्हणाले, "अरे, तू पण त्या आतल्या बाईसारखंच वाचतोस की!" आतली बाई म्हणजे कॉम्प्युटर. अपमान गिळला, पण प्रश्न मात्र डोक्यात राहिला. मशीन आणि मी, दोघं एकाच जागी का चुकतो?

उत्तर आपल्या लिपीत आहे. "मराठी जसं लिहितो तसंच वाचतो" हे शाळेत सगळ्यांना शिकवतात. ते अर्धसत्य आहे. चार आणि पाच हे दोन शब्द मोठ्यानं म्हणून बघा. चारमधला च जिभेचा मधला भाग वर नेऊन होतो, पाचमधला जवळजवळ 'त्स' होतो. अक्षर एक, आवाज दोन. चंद्रातला च वेगळा, चांदण्यातला वेगळा. ज आणि झ यांचंही तेच. 'जरा थांब' मधला जरा आणि म्हातारपण या अर्थाचा संस्कृत जरा लिहायला सारखे, म्हणायला वेगळे. आपल्याला हे कोणी शिकवलेलं नसतं, घरात ऐकून ऐकून येतं. ज्याच्या घरात इंग्रजी जास्त चाललं (म्हणजे मी) त्याला येत नाही. आणि मशीनला तर घरच नाही.

आता इंजिनिअर म्हणून विचार करा. याला नियम लावता येईल का? थोडाफार येतो. पुढे इ, ई, ए किंवा य आला की च कायम तालव्य, म्हणजे 'चार'मधला. म्हणून माझा आणि माझी यांत झ बदलतो. मोजा एक असताना वेगळा आणि मोजे दोन झाले की वेगळे. दरवाजा, दरवाजे तसंच. चिंच या एवढ्याशा शब्दात तर पहिला च एक आणि दुसरा च दुसरा. आपलं चिंचवड त्यामुळेच बाहेरच्या माणसाला पटकन म्हणता येत नाही. इथपर्यंतचं काम कोणीही सेकंड इयरचा मुलगा दोन-चार ओळींच्या कोडमध्ये करेल. खरी पंचाईत अ, आ, उ, ओ पुढे असले की होते. तिथे शब्दाचं कुळ विचारावं लागतं. संस्कृतातून जसाच्या तसा आला असेल तर बहुतेक तालव्य, मराठीत घासून आला असेल तर बहुतेक दंत्य, फारसीतला झेड असेल तर तोही दंत्य, जसा जमीनमध्ये. आणि 'चार' तर नियमालाच हरताळ फासतो. आकडा असेल तर एक, 'गाईला गवत चार' असं म्हटलं तर दुसरा! हे कळायला वाक्याचा अर्थ समजावा लागतो. म्हणून मशीनला एक यादी द्यावी लागते. नियमात न बसणारे शब्द आणि त्यांचा खरा उच्चार.

हे काम प्रत्यक्षात असंच होतं. ई-स्पीक नावाचा एक आवाज आहे. जोनाथन डडिंग्टन यांनी तो १९९५ च्या सुमारास एकॉर्न नावाच्या ब्रिटिश कॉम्प्युटरसाठी लिहायला घेतला होता. त्याची पुढची आवृत्ती, ई-स्पीक एनजी, २०१५ पासून चालू आहे, आणि त्यात मराठीही आहे. सोर्स उघडा आहे, कोणीही बघावा. प्रत्येक भाषेच्या दोन मुख्य फायली असतात. एका फायलीत नियम, म्हणजे अमुक अक्षर, त्याच्या मागे हे आणि पुढे ते असेल तर हा ध्वनी. दुसरीत अपवादांची यादी. पूर्ण वाक्य आधी ध्वनींच्या चिन्हांत बदलतं आणि मग ते ध्वनी गणितानं तयार होतात. माणसाच्या घशातून आवाज येताना काही ठराविक फ्रिक्वेन्सी उठून दिसतात, त्यांना फॉर्मंट म्हणतात. त्या फॉर्मंटचे आकडे बदलत गेलं की अ चा आ होतो, आ चा ओ होतो. माणसाचं रेकॉर्डिंग चिकटवावं लागत नाही म्हणून सगळा प्रकार काही एमबीत मावतो. दुष्परिणाम म्हणजे आवाज रोबोसारखा येतो.

हा रोबो काकांना मात्र प्रिय आहे. आजकाल न्यूरल आवाज आलेत, हजारो वाक्यांच्या रेकॉर्डिंगवरून शिकलेले. मायक्रोसॉफ्टचे मराठीत आरोही आणि मनोहर असे दोन आहेत, ऐकायला अगदी माणसासारखे. काकांना मी मनोहर ऐकवला. ते म्हणाले, "छान आहे, बातम्या द्यायला ठेवा." कारण काका ज्या वेगानं ऐकतात त्या वेगाला गोड आवाजाची शब्दफेक गोळा होते, रोबोचं प्रत्येक अक्षर सुटं राहतं. शिवाय बटण दाबल्याबरोबर तो बोलतो. मला त्या वेगातलं एक अक्षर कळत नाही. स्टीफन हॉकिंग यांचंही असंच होतं म्हणे. त्यांचा तो प्रसिद्ध आवाज अमेरिकेतल्या डेनिस क्लॅट या संशोधकानं स्वतःच्या आवाजावरून बेतला होता. पुढे चांगले आवाज निघाले तरी हॉकिंगनी तो सोडला नाही.

असो. परत मुळशीकडे येऊ.

'मल्शी' हा दोष खरं म्हणजे मराठी आवाजाचा नाहीच. गावाचं नाव रोमन लिपीत लिहिलेलं असतं, म्हणून इंग्रजी आवाज जागा होतो आणि स्वतःच्या नियमानं वाचतो. पुणे ट्यूनसारखं दिसतं म्हणून प्यून. पौडचा पॉड. ताम्हिणीची टॅम्हिनी. हिंजवडीला रोमनमध्ये मध्येच एक जास्तीचा ई घालायची पद्धत पडल्यामुळे ती हिंजेवाडी झालीय, आणि आता माणसंही तसंच म्हणायला लागलीत. इथे चूक मशीननं माणसाकडून घेतली की माणसानं मशीनकडून, देव जाणे. बरं, इंग्रजी आवाजाला कितीही शिकवलं तरी मुळशी येणार नाही, कारण त्याच्या ध्वनींच्या पोतडीत ळ नाहीच. फार तर 'मूलशी'पर्यंत आणता येतं.

मग हिंदी आवाज लावला तर? लिपी तर एकच. तिथे वेगळी मजा. ज्ञानेश्वर ग्यानेश्वर होतात, कृष्णाचा क्रिश्न होतो. पौडमधला औ आपण अ-उ असा जोडून म्हणतो, हिंदीत तो ऑ च्या जवळ जातो, म्हणजे पुन्हा पॉड! बाराला बारह. आणि इथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. युनिकोडमध्ये मराठीचे, हिंदीचे, नेपाळीचे, संस्कृतचे म असे वेगळे म नाहीत. देवनागरी म एकच. त्यामुळे मजकूर नुसता बघून मशीनला भाषा कळत नाही, कोणीतरी "हे मराठी आहे" अशी खूण करून ठेवावी लागते. वेबपेज बनवताना भाषेच्या त्या छोट्याशा टॅगमध्ये इंग्रजी तसंच ठेवणारे आपल्यातलेच महाभाग असतात. मागच्या वर्षी मी पण ठेवलं होतं.

हॉस्टेलच्या ग्रुपवर आपण जे लिहितो त्याबद्दल तर बोलायलाच नको. रोमन अक्षरांत मराठी, त्यात अर्धे स्वर गाळलेले. काकांना त्या ग्रुपवर घेतलंय. "जेवलास का" चा त्यांच्या कानात काय चिवडा होतो तो एकदा हेडफोन लावून ऐका.

शुद्ध देवनागरी असलं, मराठी आवाज असला, तरीही घोळ संपत नाही. शब्दाच्या मधला अ कधी म्हणायचा आणि कधी गिळायचा? मुळशीतल्या ळ मधला अ आपण गिळतो, मुळ्शी म्हणतो. समजणे म्हणजे समज्णे, सम्जणे नव्हे. नियम सोपा वाटतो: शेवटाकडून मागे या, दोन्ही बाजूंना एकेक व्यंजन आणि त्यापलीकडे स्वर असेल तर मधला अ काढा. आता हाच नियम वारकरी या शब्दाला लावा. 'वारक्री' येतं! शेतकऱ्याचं शेतक्री, गावकऱ्याचं गावक्री. कारण वार आणि करी हे दोन तुकडे आहेत हे नियमाला माहीत नसतं. आपल्याला असतं, म्हणून आपण वार्करी म्हणतो. मला हे कळलं तेव्हा प्रथमच वाटलं की व्याकरण हा विषय थिअरी ऑफ कॉम्प्युटेशनच्या बाजूच्या बाकावर बसायला हरकत नाही.

माझा सगळ्यात जास्त वेळ मात्र टिंबानं खाल्ला. आपण बोलतो तसं लिहिताना केलं, झालं, वाटतं, घरचं असं लिहितो. तिथे अनुस्वार नाकातून येत नाही, शेवटचा अ जरा लांबवायची ती खूण आहे. काकांच्या कॉम्प्युटरवरचा एक आवाज (कुठला ते सांगत नाही, बिचारा फुकट काम करतो) तो अनुस्वार म् करून वाचायचा. "काम झालम्, जेवण केलम्, बरम् वाटलम्." ऐकताना वाटायचं, कोणी शास्त्रीबुवा मेसमध्ये जेवायला बसलेत. जुन्या मराठीत तर न म्हणायचे अनुस्वार ढिगानं होते. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी ते काढले म्हणून बरं, नाहीतर त्याआधीचं पुस्तक ऐकणं म्हणजे मंत्रपठणच.

यावर उपाय काकांच्या स्क्रीन रीडरमध्येच होता. एनव्हीडीए असं त्याचं नाव. २००६ साली मायकेल करन या अंध ऑस्ट्रेलियन तरुणानं तो लिहायला घेतला. कारण साधं होतं. त्या वेळचे चांगले स्क्रीन रीडर इतके महाग की डोळस माणसाला जो कॉम्प्युटर मिळतो तोच अंध माणसाला कितीतरी जास्त पैशांत पडायचा. जेम्स तेह हा त्याचा अंध मित्र त्याला येऊन मिळाला. एनव्हीडीए आजही फुकट मिळतो, ई-स्पीक एनजी त्याच्याबरोबरच येतो. त्यात प्रेफरन्सेसमध्ये स्पीच डिक्शनरी नावाची सोय आहे. डावीकडे मजकुरातला शब्द, उजवीकडे तो कसा वाचायचा ते. रेग्युलर एक्स्प्रेशनही चालतं.

मी मोठ्या ऐटीत नियम लिहिला की शब्दाच्या शेवटचा अनुस्वार उडव. झालं काय, तर झालं चं 'झाल्' झालं. शेवटी अ उरला की मराठी आवाज तो गिळतो, घरचं घर् करतो ना, तसा! मग अनुस्वाराच्या जागी एक वेगळा अ चिकटवला, 'झालअ'. हे बरं जमलं. पण त्याआधी एक रात्र "शब्दाचा शेवट" म्हणजे काय यातच गेली. एनव्हीडीए पायथनमध्ये लिहिलाय आणि पायथनच्या साध्या रेग्युलर एक्स्प्रेशनच्या हिशेबात काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार ही शब्दातली अक्षरंच नव्हेत. त्याला 'मुळशी' हा शब्द श पाशी संपल्यासारखा वाटतो, वेलांटी कुंपणाबाहेर! शेवटी शब्दाच्या सीमेचं चिन्ह सोडून दिलं आणि पुढे मोकळी जागा किंवा विरामचिन्ह आहे का ते तपासलं. त्यानंतर स्वयं, एवं असे जे खरोखर म् नं संपतात ते अपवादात टाकले. हं, आणि 'हं' सुद्धा.

संक्षेपांचं वेगळंच. "मु. पो. पौड, ता. मुळशी, जि. पुणे" हे मशीनला पाच वाक्यं वाटतात. प्रत्येक टिंबानंतर श्वास घेऊन मू, पो असं वाचणार. इंग्रजीतही डॉक्टर आणि ड्राइव्ह यांचा संक्षेप एकच असल्यामुळे हा गोंधळ जुनाच आहे. हे शब्द डिक्शनरीत टाकायला दहा मिनिटं लागली. फोन नंबर कोटी-लाखांत वाचायचा हट्ट सोडवायला मात्र आकड्यांमध्ये मोकळी जागा घालावी लागली.

एका ठिकाणी मी केलेली दुरुस्ती काकांनी काढायला लावली. दऱ्या आणि दर्या. आचाऱ्यास म्हणजे स्वयंपाक्याला, आचार्यास म्हणजे गुरुजींना, हे उदाहरण तुम्ही शाळेत केलं असेल. तो आडवा र युनिकोडमध्ये दोन तऱ्हेनं लिहिता येतो. एक म्हणजे खाली टिंब असलेला ऱ घेऊन त्याचा पाय मोडायचा, दुसरा म्हणजे साधा र, मोडलेला पाय आणि मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह. डोळ्याला दोन्ही सारखेच, कानाला वेगळे येऊ शकतात. तसंच ॲ चं. हे एक अक्षर म्हणून २००८ मध्ये युनिकोडमध्ये आलं, त्याआधीचे लोक अ वर चंद्र काढून भागवायचे. मी हे सगळं एकसारखं वाचलं जाईल अशी व्यवस्था केली आणि काकांकडे शाबासकीसाठी गेलो. ते म्हणाले, "अरे बाळा, मला उत्तर टाइप करायचं असतं. तू सगळं गुळगुळीत केलंस तर समोरच्यानं कसं लिहिलंय ते मला कळणार कसं?" हे मला सुचलंच नव्हतं. आपण शब्द डोळ्यांनी बघतो म्हणून उच्चार चुकला तरी स्पेलिंग समोर असतं. त्यांना चुकीच्या उच्चारावरूनच स्पेलिंगचा सुगावा लागतो. तेव्हा तो नियम काढला.

ज्या एका गोष्टीपुढे कुठलाच आवाज चालत नाही ती सांगितली पाहिजे. दोन वर्षांपूर्वी एका कार्यालयाकडून कर्मचाऱ्यांसाठी एक मराठी पत्रक फायलीच्या रूपात आलं. कागदपत्रं जमा करायची शेवटची तारीख त्यात होती. काकांनी ते उघडलं आणि त्यांना नुसती इंग्रजी अक्षरं ऐकू आली, अर्थ काही नाही. त्यांना वाटलं फाइल बिघडलीय, परत येईल. तारीख गेली. पुढे तीन महिने खेटे घालावे लागले.

फाइल बिघडलेली नव्हती. फॉण्ट जुना होता. युनिकोडच्या आधी मराठी लिहायची युक्ती अशी होती की अक्षराचा कोड इंग्रजीचाच ठेवायचा, फक्त फॉण्टमध्ये त्या जागी देवनागरीचं चित्र काढायचं. कृतिदेव फॉण्टचं उदाहरण घ्या. त्यात 'मराठी' हे कॉम्प्युटरच्या लेखी ई, जे, के, बी, एच एवढंच असतं. बघणाऱ्याला मराठी, ऐकणाऱ्याला ईजेकेबीएच. छापायला काही अडचण नाही म्हणून हे फॉण्ट अजून वापरात आहेत. आणि सही-शिक्क्याचा कागद स्कॅन करून पाठवला तर तेवढंही नाही, तो नुसता फोटो. स्क्रीन रीडर सांगतो, "ग्राफिक." बस्स.

सध्या काका संध्याकाळी मुळशी सत्याग्रहावरचा मजकूर ऐकतायत. १९२१ साली टाटांच्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांबरोबर इथले शेतकरी उभे राहिले, तो सत्याग्रह. काकांच्या आजीचं माहेर त्या पाण्याखाली गेलं. त्या मजकुरात बुडालेल्या गावांची नावं येतात तेव्हा काका वेग कमी करतात. आजीच्या गावाचं नाव आवाज चुकीचं घ्यायचा, मधला अ नको तिथे गिळायचा. त्या एका शब्दासाठी मी दोन वेळा खाली गेलो, कारण पहिल्यांदा मी सांगितलेला उच्चारही चूकच होता. काकांनी म्हणून दाखवला, मी लिहून घेतला.

त्यावरून ही वही सुरू झाली. हॉस्टेल ऑफिसच्या खिडकीत, पार्सल रजिस्टरच्या शेजारी ठेवली आहे. आपलं आडनाव, गाव, तालुका त्यात स्वच्छ देवनागरीत लिहा. संक्षेप नको. च, ज, झ असलेलं नाव असेल तर काका "म्हण बघू" म्हणतील, तेव्हा मोठ्यानं म्हणून दाखवा. दर रविवारी मी ती नावं डिक्शनरीत घालतो. आणि नोटीस बोर्डाचं काम करणाऱ्या मित्रांना एक विनंती: नोटीस युनिकोडमध्ये टाइप करा आणि मूळ फाइलच काकांना पाठवा, तिचा फोटो नको.